आकांक्षाच्या नावावरचं रक्त

भट्टीच्या धुरानं अप्पारावची म्हैस मेली, तेव्हा कुणाला समिती नेमावी लागली नव्हती. म्हशीचा भाव जालन्याच्या बाजारात दर आठवड्याला ठरतो. कारखान्याच्या मॅनेजरनं तो फोनवर विचारून घेतला, त्यातून थोडे तोडले आणि उरलेले अप्पारावच्या हातावर ठेवले. एका दुपारीत मिटलं सगळं. माणसाचं तसं नसतं. माणसाचा बाजार भरत नाही, निदान उघड भरत नाही, म्हणून मग पुण्याहून शिकलेली माणसं बोलवावी लागतात.

बोरमाळला ती आली. अंबड रस्त्यावरून आत वळलं की दोन कोसांवर बोरमाळ, आणि गावाच्या वरच्या अंगाला ही भट्टी. जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून त्यातलं शिसं काढायचा कारखाना. अकरा वर्षं तिचा धूर गावावर उतरत होता. सकाळी उठलं की जिभेवर काहीतरी गोडसर चव असायची, आणि धुणं वाळत घातलं की त्यावर राखाडी पूड बसायची. पोरांची पोटं दुखायची, बायांच्या अंगात रक्त ठरायचं नाही. गावातल्या गोजरबाईनं अर्ज दिले, मोर्चा नेला, अंबडला उपोषणाला बसली, तेव्हा कुठे हरित न्यायालयानं भट्टीला कुलूप लावलं आणि समिती नेमून विचारलं की या लोकांचं नेमकं किती रुपयांचं नुकसान झालं. हा प्रश्न ऐकून गाव आधी हसलं. मग हळूहळू सगळेच मनातल्या मनात आकडा लावू लागले.

दैवशालानंही लावला होता. तिचं घर म्हणजे भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून बसलेलं घर. नवरा मच्छिंद्र, पाच एकर कापूस आणि मोसंबी, आणि एकुलती एक पोर आकांक्षा, जी गेल्या वैशाखात लग्न होऊन वाटूरला गेली. दैवशालाचे स्वतःचे हात थरथरायचे. कापूस वेचताना बोंडं सुटायची, भाकरी थापताना कडा फाटायच्या. समितीतल्या प्रीती मॅडमनी तिला शाळेच्या ओट्यावर बसवून सगळं नीट विचारलं होतं, मान हलवत हलवत लिहूनही घेतलं होतं. मग दैवशालानं विचारलं की माझ्या हातांचं किती धरलं. मॅडमनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला आणि ओशाळून सांगितलं की तुमच्या नावापुढे गृहिणी लागलंय, त्यामुळे बुडालेलं उत्पन्न शून्य येतं. पहाटे चारला उठून रात्री दहाला पाठ टेकणाऱ्या बाईचं काहीच बुडत नाही, हे दैवशालाला त्या दिवशी सरकारी कागदावरून कळलं.

प्रीती मॅडम वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पोरगी मनापासून समजावून सांगायची. लहान पोरांच्या रक्तात शिसं किती आहे ते बघायचं. त्यावरून बुद्धीचे किती अंक गेले ते काढायचं. एक अंक गेला की माणसाची जन्मभराची कमाई थोडी घटते, ती जिल्ह्यातल्या मजुरीच्या दरानं मोजायची आणि आजच्या पैशात आणायची. पुण्याच्या पोराचा एक अंक जास्त पैशांचा भरला असता, कारण तिथं मजुरी जास्त. पोरींचा एक अंक पोरांपेक्षा स्वस्त, कारण पोरी कमावत नाहीत. गोजरबाई सत्तरीची, तिच्या फुप्फुसांचं तर विचारूच नका. तिनं मॅडमला विचारलं होतं, "मोंढ्याच्या बाजारात नेऊन उभी केली तर जास्त येतील का वं माझे?" मॅडमला हसावं की नाही ते कळेना.

गावात सर्वांत मोठा आकडा आला तो आर्यनचा. आर्यन म्हणजे दैवशालाच्या शेजारणीचा, बेबीनंदाचा पोरगा. सात वर्षांचं पोर, पण वीसपर्यंत आकडे येत नव्हते, आणि शाळेतून घरी येताना मधेच वाट विसरून कुणाच्याही ओट्यावर बसून राहायचा. त्याच्या रक्तात इतकं शिसं निघालं की डॉक्टरांनी तपासणी दोनदा केली. कच्च्या हिशेबात त्याच्या नावापुढे सहा लाखांच्या वर रक्कम पडली, आणि माणसाची जात अशी नतद्रष्ट की चार घरांत त्यावरून जळफळाट सुरू झाला. बेबीनंदाचं बरं झालं, असं म्हणणाऱ्याही बाया निघाल्या. बेबीनंदानं मात्र ते पैसे कुठं घालायचे ते केव्हाच ठरवलं होतं. संभाजीनगरात अशा पोरांना बोलायला, मोजायला शिकवणारी एक शाळा होती. तिथं खोली करून राहायचं, दोन वर्षं, लागली तर तीन. या एका बेतावर ती बाई सकाळी उठत होती.

आता मागल्या वर्षीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर, भट्टी अजून चालू असतानाच, सरकारी दवाखान्याचं रक्त तपासायचं शिबिर लागलं. वीस वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरापोरींनी शाळेत यायचं, रक्त द्यायचं, आणि कुणाच्या रक्तात किती ते नावानिशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार, असं दवंडीवाल्यानं सांगितलं. लपवालपवी नको, सगळं उघड हवं, असा दवाखान्याच्या साहेबांचा हुकूम होता. साहेबांना पोरी उजवायच्या नव्हत्या. इकडे दैवशालाच्या घरी पुढच्याच आठवड्यात वाटूरचे पाहुणे आकांक्षाला बघायला यायचे होते. मुलगा हरिओम, वाटूर फाट्यावर खताबियाण्याचं दुकान, निर्व्यसनी. असं स्थळ बोरमाळला पुन्हा येणार नव्हतं, कारण धुराचं गाव म्हणून लोक बोरमाळची पोरगी करायलाच बघत नव्हते. आणि आकांक्षा अठरा पूर्ण, एकोणिसावं लागलेलं, अंगानं पांढरीफटक, पोटात कळा येऊन महिन्यातून चार दिवस आडवी. तिच्या हिरड्यांवर एक निळसर रेघ होती. हसताना तोंडावर पदर घे, असं दैवशालानं तिला शिकवून ठेवलं होतं.

पोरीला शिबिराला पाठवलं तर भिंतीवर नाव लागणार. नाही पाठवलं तर नाव गाळलेलं दिसणार, आणि ते जास्त वाईट. दैवशालानं दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी धावड्याहून बहिणीच्या पोरीला बोलावून घेतलं. रूपाली तिचं नाव. धावड्याच्या स्वच्छ हवेत वाढलेली, गालांवर लाली, वय तेच. शिबिरात आकांक्षाचं आधार कार्ड घेऊन रूपाली बसली. त्या कार्डावरचा फोटो तसाही कुणासारखाच दिसत नाही. सुई टोचताना रूपालीनं तोंड फिरवलं, तेव्हा तिचा हात धरायला बेबीनंदाच उभी होती. तिच्या पदराला धरून आर्यन होता, त्याचं रक्त नुकतंच काढून झालं होतं.

म्हणजे बेबीनंदाला माहीत होतं. गोजरबाईला माहीत होतं. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गावाला माहीत होतं. पण बोरमाळात एक रीत आहे, आणि ती मोडलेली कुणाच्या ऐकिवात नाही. सोयरिकीच्या वेळी पोरीत मोडता घालायचा नाही. पाहुणे चौकशीला आले की भावकीत कितीही वैर असो, बांधावरून कोर्टात केस चालू असो, पोर गुणाची आहे एवढंच तोंडातून निघायचं. मोडता घालणाऱ्याच्या घरचं पुढं कुणी पाणी पीत नाही. सगळ्यांनाच पोरी असतात.

भिंतीवर आकांक्षाच्या नावापुढे आकडा लागला तो धावड्याच्या रूपालीचा. पाहुण्यांनी येता येता तो वाचलाही. सुपारी फुटली, लग्न झालं, आणि दैवशालानं सुटकेचा श्वास टाकला. त्या आकड्याला आणखी कुणी गिऱ्हाईक असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते गिऱ्हाईक यंदाच्या मार्गशीर्षात, अंबडच्या तहसीलच्या सभागृहात भेटलं. समितीची सुनावणी होती. कारखान्याचा वकील गोरा, गोड बोलणारा, प्रत्येकाला आई, मावशी म्हणणारा. त्यानं गावाचा नकाशा भिंतीवर लावला, त्यावर भट्टी दाखवली आणि भट्टीला चिकटलेल्या एका घरावर बोट ठेवलं. कारखान्याला सगळ्यांत जवळचं घर हे, असं म्हणाला. या घरात जन्मलेली, वाढलेली मुलगी, आणि तिच्या रक्तात शिसं जवळपास नाहीच. मग धूर भिंतीवरून उडी मारून नेमका पलीकडच्या घरांतच शिरला का? त्यानं आर्यनचं नाव घेतलं. आर्यनचा बाप कचरू भट्टीवर बॅटऱ्या फोडायला जायचा. हातमोजे दिले होते, तो घालायचा नाही. कपड्यांवर पूड घेऊन घरी यायचा, त्याच कपड्यांनी पोराला उचलायचा. तेव्हा या पोराचं जे झालं ते त्याच्या बापानं केलं, कारखान्यानं नाही. बाकीच्या घरांत सुरमा असेल, जुने रंग असतील, हळदीतली भेसळ असेल. धुराचा वाटा फार तर दहावा.

कचरू मागच्या बाकावर बसला होता. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, आणि दैवशालाला त्याच्याकडे बघवेना. समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की मुद्दा विचार करण्यासारखा आहे. कुणाची हरकत असेल तर पुढच्या तारखेला मांडावी, नसेल तर दहावा हिस्सा धरून रक्कम पक्की होईल.

गाव परत निघालं. एका टेम्पोत सगळी माणसं, आणि एकाही तोंडातून चकार शब्द नाही. दैवशालाला वाटत होतं कुणीतरी बोलावं. गोजरबाईनं तरी शिवी घालावी. बेबीनंदा तिच्या शेजारीच बसली होती. झोपलेल्या आर्यनचं डोकं घसरून दैवशालाच्या मांडीवर आलं, तेव्हा बेबीनंदानं ते उचलून परत आपल्याकडे घेतलं नाही. उतरताना फक्त विचारलं, आकांक्षाला कितवा लागला? दैवशालानं सांगितलं, पाचवा. जप म्हणावं पोरीला, एवढं म्हणून बेबीनंदा घरात गेली. तिनं भांडण काढलं असतं तर दैवशाला रात्री झोपली असती.

मच्छिंद्रला तिनं सांगून पाहिलं. तो माणूस मुळातच भिडस्त, त्यात लेकीचा विषय. तो म्हणाला, झालं ते झालं, आता उकरायचं नाही. आणि उकरलंसच तर वाटूरच्या लोकांना तोंड तू द्यायचं.

मग दैवशाला वाटूरला गेली. पाचव्या महिन्याचं निमित्त होतंच, लाडू आणि साडी घेऊन गेली. आकांक्षा दारात आली तेव्हा आधी तिला ओळखूच आली नाही. चेहरा चुन्यासारखा, डोळ्यांखाली काळं. विहीणबाई कौतुकानं सांगत होत्या की दिवस गेल्यापासून सून अगदी गोरी पडली. चहाचा कप देताना आकांक्षाचा हात हलला, बशीत चहा सांडला, आणि माय-लेकींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. प्रीती मॅडमनी गावातल्या बायांना सांगितलेलं दैवशालाच्या कानात वाजत होतं. लहानपणापासून अंगात गेलेलं शिसं हाडांत साठतं, आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून सुटून पोटातल्या बाळाकडे जातं. वेळेवर तपासलं, औषधं दिली, तर पुष्कळ वाचवता येतं. पण तपासायला आधी सांगावं लागतं.

विहीणबाई क्षणभरही जवळून हलल्या नाहीत, त्यामुळे घरात काही बोलणं झालं नाही. आकांक्षा फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटीची वाट बघत दोघी बाभळीखाली उभ्या राहिल्या आणि दैवशालानं एका दमात सगळं सांगितलं. वकील, नकाशा, आर्यन, दहावा हिस्सा, पोटातलं पोर.

आकांक्षा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आर्यनला म्या कडेवर खेळवलाय, आई. मला काय वाटत न्हाई का? पण तू बोललीस तर हे लोक मला ठिवून घेतील का?"

"हरिओम भला माणूस हाय."

"भला हाय. पण घर त्याच्या आईचं हाय." एसटी समोरून येताना दिसली. आकांक्षानं आईच्या पिशवीचा बंद सारखा केला. "तू मला इचारू नको. इचारलंस तर मी न्हाईच म्हणणार."

दैवशालानं विचारलं नाही. एसटीत बसल्यावर तिला कळलं की पोरीनं तिला मोकळं केलं होतं आणि त्याच वेळी बांधूनही टाकलं होतं. लेकीचा इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

पुढच्या तारखेला ती एकटी अंबडला गेली. घरी बाजाराचं सांगितलं होतं. सभागृहात गाव बसलेलंच होतं, पण हरकत म्हणून पुकारा झाल्यावर उठलं कुणीच नाही. बेबीनंदा पहिल्या रांगेत, खाली मान घालून. तिच्याजवळ हरकत होती. सगळ्या गावाजवळ ती एकच हरकत होती. तोंडात धरून बसले होते सगळे. शेवटी दैवशालाच उठली.

"ते रक्त माझ्या पोरीचं न्हाई, साहेब," ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग कुणाचं, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, माझ्या भाचीचं, धावड्याची आहे, माझ्या पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. एकदा सुरू झाल्यावर तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. पोटातल्या कळा सांगितल्या, हिरड्यांवरची रेघ सांगितली. प्रीती मॅडम भराभर लिहून घेत होती, तिचा चेहरा उजळला होता. दैवशालाला वाटलं, जमलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण बरोबर जागी बरोबर गोष्ट बोललो.

कारखान्याचा वकील रागावला नाही. तो खुशीतच उठला. "मावशी, खरं बोललात, मोठं काम केलंत," तो म्हणाला. "एवढंच सांगा, हे गावात आणखी कुणाला माहीत होतं?"

इथं तिनं गप्प बसायचं होतं. पण दैवशालाला वाटलं गावाची बाजू सांगायची हीच वेळ आहे. ज्यांनी तिच्या पोरीसाठी स्वतःच्या पोरांचा तोटा सोसला, त्यांचं मोठेपण या शिकलेल्या लोकांना कळलं पाहिजे. ती ताठ मानेनं म्हणाली, "सगळ्या गावाला ठाऊक व्हतं, साहेब. पण एक माणूस बोललं न्हाई. आमच्याकडं लेकीच्या सोयरिकीत कुणी मोडता घालत न्हाई."

"हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यावं," वकील म्हणाला.

मग जे झालं ते अर्ध्या तासात झालं. एका नावावर दुसरीचं रक्त, आणि सगळं गाव सामील, असं तो म्हणाला. मग बाकीच्या नावांवर कुणाचं रक्त आहे, हे कुणी सांगावं? जास्त पैसे मिळावेत म्हणून चार घरांनी आर्यनचंच रक्त दिलं नसेल कशावरून? समितीनं आपसांत कुजबुज केली आणि शिबिराची सगळी तपासणी रद्द ठरवली. नव्यानं नमुने घ्यायचे ठरले. बेबीनंदानं तेवढ्यात मान वर केली, आणि पुन्हा घेतलं तर घेऊ दे, खरंच आहे ते कितीदाही निघेल, असं काहीसं पुटपुटली.

बाहेर व्हरांड्यात प्रीती मॅडमनी दैवशालाला गाठलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं समजावलं की भट्टी बंद होऊन आता नऊ-दहा महिने झाले. रक्तातलं शिसं तेवढ्यात बरंच उतरतं. जे व्हायचं नुकसान ते होऊन गेलंय, शिसं हाडांत जाऊन बसलंय, पण नवीन तपासणीत आकडे खालीच येणार.

"मंग हाडं तपासा," दैवशाला म्हणाली.

मॅडम म्हणाली की सूत्र रक्ताचं आहे. हाडांसाठी समितीकडे सूत्र नाही.

पुढं तसंच झालं. आकडे खाली आले. आर्यनचा सुद्धा. प्रत्येक घराला सरसकट एक रक्कम द्यावी, असं शेवटी ठरलं, आणि ती अप्पारावच्या म्हशीपेक्षा कमी होती. हे खुद्द अप्पारावनंच हिशेब करून पारावर सांगितलं, आणि वर म्हशीचं दूध गेलं ते वेगळंच, असंही म्हणाला.

दैवशाला वाट बघत होती की गाव आता आपल्याला वाळीत टाकेल. गावानं तसं काही केलं नाही. बेबीनंदाकडे ती आपण होऊन गेली. बेबीनंदा ओट्यावर आर्यनला चिंचोके मांडून मोजायला शिकवत होती. सातनंतर तो नऊ म्हणायचा, ती आठ म्हणायची, तो पुन्हा नऊ म्हणायचा. दैवशाला खाली बसली आणि म्हणाली, तुझ्यासाठी बोलले गं मी.

बेबीनंदानं वर बघितलं नाही. "म्या गप बसले व्हते नं," ती म्हणाली. "दहावा हिस्सा तर येत व्हता. तेवढ्यात एक वरीस तरी निघालं असतं त्या शाळेत." आणि तिनं पुन्हा चिंचोके मांडायला घेतले.

दैवशाला उठून घरी आली. पुढं पुष्कळ दिवस ती स्वतःशी भांडत राहिली, की खरं बोलण्यात चूक काय झाली, आणि भांडणात दर वेळी तीच हरायची.

वाटूरला बातमी जायला अंबड फार लांब नव्हतं. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर मधोमध छापून आली होती. आठवड्याभरात आकांक्षा माहेरी आली. आली म्हणजे हरिओमनं आणून सोडली. तो पोरगा उंबऱ्यावर उभा राहिला, डोळे लाल, पाणी प्यायला आणि गेला. तिला जालन्याला नेऊन तपासलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दूध-अंडी सांगितली, आणि बाळाचं जन्मल्यावर बघू असं म्हणाले. आकांक्षा आईशी बोलत होती, जेवत होती, कामाला हात लावत होती. एका शब्दानं तिनं दोष दिला नाही. तो दिला असता तर दैवशालाला कुठंतरी डोकं टेकता आलं असतं.

आणि मग एका सकाळी वाटूरची माणसं आली. विहीणबाई, हरिओम आणि त्याचे चुलते राधेश्याम. राधेश्याम मोंढ्यात अडत्याकडे मुनीम होते. आवाज न चढवता बोलायचे. ओसरीवर घोंगडी टाकली, मच्छिंद्र त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, दैवशाला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आकांक्षा आत चुलीपाशी.

राधेश्यामनी सरळ विषयाला हात घातला. तुम्ही दोष असलेली पोर निर्दोष म्हणून दिली. फारकतीला गेलो तर तुमची आणि आमची दोघांचीही इज्जत जाईल, ते आम्हाला नको. सून नांदवायला आम्ही तयार आहोत. पण नुकसान भरून द्या. मग त्यांनी बोटांवर नुकसान मांडलं. सुनेच्या औषधांचा खर्च. तिला जड काम होणार नाही, म्हणून बाई लावावी लागेल, तिचा पगार. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होणार नाही, खासगीत करावं लागेल. तिच्या कळांच्या दिवसांत हरिओमला दुकान बंद ठेवावं लागतं, त्या दिवसांचा गल्ला. सगळं मिळून चार लाख.

दैवशाला ऐकत होती, आणि तिच्या ध्यानात आलं की हा हिशेब बरोबर आहे. पुण्याच्या माणसांनी वर्षभर यंत्रं आणि सूत्रं लावून जे धरलं नव्हतं, ते सगळं या मुनिमानं धरलं होतं. आकांक्षाचे थरथरणारे हात धरले होते. तिची हाडं धरली होती. भट्टीनं तिचं काय केलं, याचा पूर्ण दाम आज पहिल्यांदा कुणीतरी काढला होता, आणि तो भट्टीवाल्याकडे मागितलेला नव्हता.

मच्छिंद्र खाली बघत होता. हरिओम भिंतीकडे बघत होता. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"चार जड होतील," दैवशाला म्हणाली. "तीनात बसवा."

बोलून गेल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला. भाजीवाल्याशी बोलावं तसा, सवयीचा, जरा लाडीगोडीचा. तोंडाला हात लावावासा वाटला, पण राधेश्याम विचारात पडलेले दिसत होते, आणि अशा वेळी आपण पुढं बोललं तर भाव जातो, हे तिला ठाऊक होतं. ती थांबली. विहीणबाई दिराच्या कानाशी लागल्या. राधेश्याम म्हणाले, साडेतीन, आणि अर्धे बाळंतपणाच्या आधी.

दैवशाला चहा आणायच्या निमित्तानं आत वळली. आकांक्षा चुलीपुढं बसली होती, आधण उकळत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ओसरी आणि चूल यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता. दैवशालाला तिच्यापुढं काय तोंड करावं ते कळेना. रागाव, रड, माझं थोबाड फोड, असं काहीतरी पोरीनं करावं म्हणून ती उभी राहिली.

आकांक्षानं पातेल्यात पत्ती टाकली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "साडेतीनात पोटातल्याचं धरलंय का?"

दैवशालाला आधी कळलंच नाही.

"न्हाई धरलं तर आत्ताच बोलून घे," आकांक्षा म्हणाली. "ते झाल्यावर पुन्हा येतील."

दैवशाला ते विचारायला बाहेर गेली.